मार्कंड्याची वाट आणि आपल्या गावची पांदण

महाशिवरात्रीला मार्कंड्याला एकदाही गेला नाही असा माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून, पुढे दोस्तांबरोबर सायकलीने, लग्न झाल्यावर बायकोपोरांना बंडीत नाहीतर एसटीत बसवून, कसे का होईना, आपण तिथे पोचलेलो असतो. वैनगंगेत बुडी मारायची, मार्कंडेश्वराला बेल वाहायचा, पोरांना फुगा-पिपाणी घेऊन द्यायची आणि दिवेलागणीला घराकडे वळायचे. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले आहे.

या जाण्या-येण्यात आपण देऊळ पाहतो, नदी पाहतो, बाजार पाहतो. ज्या वाटेने तिथे गेलो ती वाट मात्र सहसा कोणी पाहत नाही. आज तिच्याबद्दलच दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कारण मार्कंडा हे गाव वाटांनी मोठे केले आणि वाटा दुसरीकडे वळल्या तसे ते लहान झाले. हीच गोष्ट आज आपल्या प्रत्येक गावच्या शिवारात घडते आहे. फरक एवढाच की, तिथे शतके लागली आणि आपल्याकडे एका पिढीत काम उरकते आहे.

नदी वळते तिथे

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यातून खाली येते आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून दक्षिणेकडे उतरत जाते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते. तिथून पुढे तिचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. एवढ्या लांबच्या प्रवासात मार्कंड्याला ती जरा मागे वळून पाहावे तशी उत्तरेकडे वाहते. काशीलाही गंगा उत्तरवाहिनी आहे. म्हणून आपले लोक मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात.

देवळाची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. मृकंडू ऋषींचा मुलगा मार्कंडेय अल्पायुषी होता. यम न्यायला आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि महादेवाने त्याला वाचवले. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या ठिकाणी. पण शेतकऱ्याच्या नजरेने नदीकडे पाहा. नदी वळण घेते तिथे आतल्या अंगाला पाणी मंदावते, रेती साचते, पात्र पसरते. अशा जागी माणसाला उतार सापडतो. पावसाळ्यात ढिवराचा डोंगा आणि पाणी ओसरले की रेतीतून बंडी. उतार सापडला की दोन्ही तीरांवरच्या वाटा त्या जागेकडे ओढल्या जातात. नदी ही स्वतःच एक वाट. तिला आडवी जाणारी दुसरी वाट मिळाली की चौरस्ता तयार झाला. आपल्याकडे डांबर नव्हते तेव्हाचे चौरस्ते असे होते.

मार्कंड्याची देवळे साधारण हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. दगडावर कोरलेली माणसे, हत्ती, देवदेवता पाहिल्या म्हणजे हे काम एखाद्या आडबाजूच्या खेड्याने केलेले नाही हे कुणालाही कळते. एवढा दगड घडवायचा तर पाथरवटांचे तांडे वर्षानुवर्षे जागेवर ठेवावे लागतात. त्यांना धान लागते, तेल लागते, बैल लागतात. म्हणजे त्या काळी या जागेपर्यंत माल आणि माणसे येत होती. अलेक्झांडर कनिंगहॅम हे इंग्रज सरकारचे पुरातत्त्व अधिकारी 1873-74 च्या दौऱ्यात इथे आले होते. वीसहून अधिक लहानमोठी देवळे असलेल्या या आवाराची त्यांनी नोंद केली. आवाराची मापे त्यांनी 196 फूट लांब आणि 118 फूट रुंद अशी दिली आहेत. मुख्य देवळाच्या शिखरावर कधीकाळी वीज पडली आणि गोंड राजांनी ते सावरले असे परंपरा सांगते. अलीकडे, गेल्या दशकात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्याच देवळाचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचे काम हाती घेतले आणि ते बरेच लांबत गेले. दगड उतरवणे सोपे, पुन्हा जागी बसवणे अवघड. वाटेचेही तसेच आहे, ते पुढे येईलच.

कोण कोण भेटत होते

नदीच्या डाव्या तीरावर आपण, उजव्या तीरावर मूल-सावलीकडचा मुलूख. पूर्वेला जंगल दाट होत जाते. तिकडचा गोंड माणूस मोहफूल, चारोळी, हिरडा, मध घेऊन उतरायचा आणि मीठ, कापड, लोखंड घेऊन परत जायचा. मीठ ही जंगलातल्या माणसाची सर्वांत मोठी गरज. दक्षिणेकडे जावे तशी बोलीत तेलुगू मिसळत जाते. उत्तरेकडे आपली झाडीबोली. 1960 च्या दशकापासून पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडे वसवली गेली, त्यामुळे आज आठवडी बाजारात बंगालीही कानावर पडते. त्यांनी आपल्याबरोबर तळ्यातल्या माशांची आणि भाजीपाल्याची जाण आणली. एकाच बाजारात चार भाषा बोलल्या जातात आणि तरी कुणाचा सौदा अडत नाही, हे चौरस्त्याच्या मुलखाचे लक्षण आहे.

यात ढिवर समाजाचे नाव घेतलेच पाहिजे. नदीकाठच्या गावांत डोंगा त्यांचा, जाळे त्यांचे आणि पाणी आटले की रेतीत डांगरवाड्याही त्यांच्याच. पूर आला की कोणत्या बाजूने पाणी चढेल, कुठे डोह आहे, कुठे पाय टेकतो हे त्यांना तोंडपाठ. पूल नव्हते त्या काळी नदीकाठच्या मुलखाचा खरा रस्ते अभियंता ढिवरच होता. कागदावर मात्र त्याचे नाव कुठे नाही.

चौरस्त्याच्या गावाचा एक स्वभाव असतो. तिथला माणूस परक्याला बिचकत नाही. तिथे उधारी तोंडी चालते, कारण आज गेलेला माणूस पुढच्या बाजाराला पुन्हा येणार असतो. आणि तिथे बातमी आधी पोचते. आमच्या कृषी खात्याच्या कामात हे नेहमी दिसते. चार वाटा भेटतात त्या गावात नवे बियाणे एक हंगाम आधी पोचते.

एचएमटी धानाचेच पाहा. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये पटेल-3 वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या आणि त्यातून बारीक, चवदार धान उभे राहिले. त्या काळी गाजत असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले. हे बियाणे आधी जाहिरातीने पसरले नाही. एका शेतकऱ्याने पायली दिली, दुसऱ्याने बंडीतून नेली, तिसऱ्याने सोयऱ्याच्या घरी पोचवली. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांचे धान आजही आपल्या बांध्यांत आहे. बियाणे वाटेने चालते, बंधूंनो. वाट नसेल तर चांगले बियाणेही एका गावात कोंडून मरते.

राज्ये बदलली, वाटा लिहिल्या गेल्या

चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. 1853 च्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारले, त्यांना औरस वारस नव्हता आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. गावे मालगुजारांकडे गेली. आपले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्या व्यवस्थेची आठवण आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, त्याची अंमलबजावणी 1951 मध्ये झाली. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून वैनगंगा ही दोन जिल्ह्यांची शीव आहे. पूर्वी जी नदी दोन तीरांना जोडणारा घाट होती, ती कागदावर सरहद्द झाली.

या सगळ्या उलथापालथीत एक चांगले काम झाले. मध्य प्रांताच्या जमाबंदीत गावागावचे रिवाज लिहून ठेवण्याची पद्धत होती. कोणत्या वाटेने बंडी जाते, गुरे कुठून पाण्यावर जातात, मासे कोणी धरायचे, पाट कोणाच्या बांधीतून जातो, हे वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात येई. गावची मोकळी जागा, चराई, सरपण यांची व्यवस्था निस्तार पत्रकात येई. नावे फारशी वळणाची असली तरी मजकूर आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये झाली तेव्हा हे दोन्ही कागद त्यात राहिले. कलम 161 मध्ये निस्तार पत्रक आहे आणि कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही नावे सांगितली तर तो तोंडाकडे पाहत राहील. आपल्याकडे हा वाडवडिलांचा ठेवा आहे. आणि तो किती जणांनी उघडून पाहिला आहे? प्रामाणिकपणे सांगा.

चौरस्ता सरकला

मोटारीचा रस्ता नदीचा उतार पाहत नाही, पूल पाहतो. गडचिरोली-चामोर्शी-आष्टी हा रस्ता मोठा झाला, हरणघाटाला पूल होऊन मूलकडची वाट जोडली गेली, घोटकडे फाटा गेला आणि चौरस्ता मार्कंड्याहून सरकून चामोर्शीला आला. तहसील तिथे, बाजार तिथे, कॉलेज तिथे. खाली आष्टीला तसेच झाले. गोंडपिपरीकडून येणारी वाट, चामोर्शीची वाट आणि आलापल्ली-सिरोंच्याकडे जाणारी वाट तिथे भेटतात. मार्कंडा मात्र मुख्य रस्ता सोडून आत वळावे लागते असे गाव झाले. वर्षातून एकदा, महाशिवरात्रीच्या यात्रेला, ते पुन्हा चौरस्ता होते. पाल पडतात, जादा एसटी सुटतात, नदीच्या पलीकडून लोक येतात. यात्रा उठली की गाव पुन्हा आपल्या रोवणी-कापणीच्या कामाला लागते.

यात दुःख करण्यासारखे काही नाही. रस्ते हवेतच. बाळंतीण बाई रात्री दवाखान्यात पोचते ती डांबरी रस्त्यामुळे. पण नव्या चौरस्त्याची आणि जुन्या चौरस्त्याची रीत वेगळी आहे हे ओळखले पाहिजे. जुन्या घाटावर माणसाला थांबावेच लागे. डोंगा येईपर्यंत बसा, सावलीत भाकर खा, चार गोष्टी बोला. नव्या फाट्यावरून गाडी निघून जाते. 2021 पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे काम वाढले आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर जड ट्रकांची रीघ लागली. कोनसरीला लोहपोलादाचा कारखाना उभा राहिला. काहींना काम मिळाले, काहींच्या पिकांवर धूळ बसली, आणि रस्ता ओलांडताना बैलजोडी धरून उभे राहण्याची वेळ अनेकांवर आली. मोठा रस्ता जवळून गेला म्हणजे गावाला वाट मिळाली असे होत नाही. आपल्या बांधीपासून त्या रस्त्यापर्यंतची वाट आपल्याजवळ आहे का, हा खरा प्रश्न आहे.

शब्दांचेही पाहा ना. आपले आजोबा ‘घाट’ म्हणत तेव्हा डोंग्याचा घाट. आज घाट म्हटला की रेतीघाट आठवतो. रेतीच्या ट्रॅक्टरांनी नदीकाठच्या पांदणी खोल चाकोऱ्या पाडून सोडल्या आहेत. नदीचे वागणेही बदलले. गोसीखुर्दच्या धरणातून मोठा विसर्ग झाला की खाली आपल्याकडे पाणी चढते. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर कोण विसरेल? चामोर्शी तालुक्यात चिचडोहला 38 दरवाजांचे बॅरेज झाले. पावसाळ्यानंतर दरवाजे लागले की वरच्या अंगाला जिथे रेती उघडी पडायची तिथे पाणी उभे राहते. पाणी आले ही चांगलीच गोष्ट, पण रेतीतून जाणारी उन्हाळवाट त्याने बुडते. सांगायचे हे की नवी सोय झाली की जुनी वाट कुठे गेली ते त्याच वेळी विचारायला हवे. नंतर विचारणारा कोणी उरत नाही.

पांदण कशी मरते

आता आपल्या शिवारात येऊ. धानाच्या मुलखात वाटेची अडचण निराळी आहे. कापसाच्या शेतात धुऱ्याच्या बाजूने बंडी जाऊ शकते. आपल्याकडे बांधीला लागून बांधी, मधे हातभर धुरा, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत सगळीकडे चिखल. म्हणून वाडवडिलांनी दोन प्रकारच्या वाटा ठेवल्या. एक बारमाही पांदण, गावापासून शिवाराच्या टोकापर्यंत. दुसरी हंगामी वाट. धान कापले की शेवटच्या बांधीवाला माणूस मधल्या बांध्यांतून धुरे फोडून बंडी काढी, भारे खळ्यावर आणी आणि पावसाळ्याआधी धुरे पुन्हा बांधून देई. कोणी हरकत घेत नसे, कारण दर वर्षी कुणाला ना कुणाला कुणाच्या तरी बांधीतून जावेच लागे. त्याचा कागद नव्हता, माणुसकी हाच कागद होता.

ही हंगामी वाट तीन कारणांनी मेली. पहिले कारण पाणी. बोअर झाली, उपसा आला, उन्हाळी धान आले. मधल्या बांधीत जानेवारीत पुन्हा परे लागले की तिथून बंडी कशी जाणार? दुसरे कारण वाटण्या. बापाची एक जमीन चार भावांत गेली आणि मागच्या हिश्शाला वाट कोणती हे वाटणीपत्रात लिहायचे राहून गेले. तिसरे कारण यंत्र. पूर्वीच्या बंडीला पाच-साडेपाच फूट पुरत. ट्रॉलीला त्याहून जास्त लागते. कापणीच्या मोठ्या यंत्राचा पुढचा पट्टाच बारा-चौदा फुटांचा असतो. वाट मोठी हवी झाली नेमकी तेव्हाच ती लहान झाली. बाजूचा माणूस दर वर्षी नांगराचा एक तास पांदणीत सरकवतो. एका तासाने काय होते, असे तो म्हणतो. वीस वर्षांत वीस तास झाले की पांदणीची पायवाट होते.

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. एका शेतकऱ्याचे दोन एकर धान शिवाराच्या टोकाला होते. कापणी झाली, कडपा सुकल्या, भारे बांधले. पांदणीवर मधल्या माणसाने त्याच वर्षी काटेरी कुंपण घातलेले. दोघे चुलतभाऊ, बोलणे बंद. धान बाहेर काढायला वाट नाही म्हणून त्याने शेतातच पुंजणे घातले आणि तहसीलचे हेलपाटे सुरू केले. मग अवकाळी पाऊस आला. पुंजण्याच्या तळाचे धान उगवले, वरचे काळे पडले. आधारभूत खरेदी केंद्रावर ते धान कोण घेणार? मी पंचनाम्याला गेलो तेव्हा त्या माणसाने मूठभर कोंब आलेले धान माझ्या हातावर ठेवले आणि काही बोलला नाही. मी तरी काय बोलणार? त्या हंगामात आम्ही त्याला बीजप्रक्रिया शिकवली होती, खताचे हप्ते सांगितले होते, तुडतुड्यावर फवारणी सांगितली होती. पीक चांगलेच आले होते. वाट आहे का, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. तेव्हापासून शेतीशाळेत मी पहिला प्रश्न वाटेचा विचारतो.

काय करता येईल

पहिले काम, गावचा नकाशा पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. नकाशावर एक तुटक रेघ पायवाटेची असते, दोन तुटक रेघा गाडीवाटेच्या. आपल्या गट क्रमांकाजवळून अशी रेघ जाते का ते बघा. नकाशात असलेली पांदण ही गावाची आहे, कुणा एकाची नाही. ती बुजली असली तरी मोजणी करून मोकळी करता येते.

दुसरे, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागा. ज्यांना आपण अजून पटवारीच म्हणतो त्यांच्या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. त्यांच्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. जुने कागद जीर्ण असतात, मोडी-उर्दू शब्दांचे असतात, म्हणून सोडून देऊ नका. गावात एखादा जाणता म्हातारा असेल तर त्याला शेजारी बसवून वाचा. त्याच्यानंतर त्या खुणा सांगणारा कोणी राहणार नाही.

तिसरे, वाट अडली असेल तर दिवस मोजा. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आपला माणूस काय करतो? दिवाळीला भांडतो, होळीपर्यंत रुसतो, आखाडीला पंचायत बसवतो. तोवर मुदत गेलेली असते. पंचायत जरूर बसवा, पण अर्ज आधी द्या.

चौथे, वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट मागता येते. तहसीलदार जागेवर पाहणी करून ठरवतात. निर्णय पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. इथे एक पथ्य पाळा. शेजाऱ्याचे कमीत कमी नुकसान होईल तीच वाट मागा. बांधीच्या मधून वाट मागाल तर तो का देईल? दोघांच्या धुऱ्यावरून, दोघांची सारखी जमीन घेऊन वाट मागितली तर पुष्कळदा कोर्टाची पायरीच चढावी लागत नाही.

पाचवे, झालेली तडजोड लिहून घ्या. 2025 मध्ये शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे धोरण ठरवले आहे. याचा लाभ घ्या. तोंडी वाट बापाच्या पिढीपर्यंत टिकते, लिहिलेली वाट नातवापर्यंत. आणि भाऊवाटण्या करताना प्रत्येक हिश्शाची वाट वाटणीपत्रात लिहा. हे एक वाक्य लिहायला पैसे पडत नाहीत.

सहावे, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. पांदण मोकळी झाली की त्याच उन्हाळ्यात तिच्यावर मुरूम पडला पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसात चिखल आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा नांगर. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली. तिच्यात रोजगार हमीची सांगड घातलेली होती. ग्रामसभेत ठराव घ्या, अतिक्रमण समजुतीने काढा, मग काम धरा. धानाच्या शिवारात रस्ता करताना पाण्याची वाट बुजवू नका. दोन्ही बाजूंच्या बांध्यांचे पाणी जिथून उतरते तिथे पाइप टाका. नाहीतर रस्ता झाला आणि वरच्या बांध्या बुडाल्या, असे नवे भांडण उभे राहते.

जंगलाला लागून असलेल्या गावांनी आणखी एक लक्षात ठेवावे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) प्रमाणे गावाच्या रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. वन खात्याची जमीन मधे आली म्हणून हात जोडून बसू नका. ग्रामसभा भरवा.

वाट ही दोघांची

हे सगळे कायदे सांगितले, पण मनातले सांगू का? कायद्याने वाट मोकळी होते, मन मोकळे होत नाही. ज्या गावात पांदण समजुतीने मोकळी झाली तिथे दुसऱ्या वर्षी लोक एकमेकांचे रोवणेही उरकून देतात. जिथे पोलीस बंदोबस्तात झाली तिथे वाट आहे, पण तिच्यावर समोरासमोर आलेली दोन माणसे तोंड फिरवून जातात. म्हणून अर्ज मुदतीत द्या, आणि अर्ज दिल्यावरही शेजाऱ्याच्या दारात जा. आज तुम्ही त्याची वाट अडवू शकता, पण तुमचे पाणी त्याच्याच बांधीतून उतरते हे विसरू नका. धानाच्या मुलखात कोणाचेही शेत एकट्याचे नसते.

येत्या महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाल तेव्हा देवळाच्या पाठीमागे नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर घटकाभर उभे राहा. पलीकडचा तीर पाहा. गोंड राजे गेले, भोसले गेले, इंग्रज गेले, मालगुजार गेले. मोठा रस्ता दुसरीकडून गेला. तरीही त्या एका दिवशी चारी दिशांची माणसे तिथे भेटतात, कारण तिथे जायची वाट कोणी बंद केलेली नाही. आणि घरी परतलात की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शिवारातल्या पांदणीच्या टोकापर्यंत एकदा चालत जा. पोरालाही बरोबर न्या. कुठे कुंपण आले आहे, कुठे नांगर सरकला आहे, कुठे बोरी-बाभळी माजल्या आहेत, ते त्याला दाखवा. उन्हाळा समोर आहे, बांध्या मोकळ्या आहेत, जमीन टणक आहे. वाट काढायची तर हेच दिवस. मृगाचा पाऊस पडला की पुन्हा सगळे चिखलाखाली जाईल आणि आपण म्हणू, पुढच्या वर्षी पाहू.